आधी टीव्हीचा आवाज कमी करा

आमच्या घरात टीव्ही फार मोठ्यानं लागायचा. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमच्याकडं बातम्या लागल्या की आमचा टीव्ही लावायचं कामच पडत न्हाई." त्याला कारण दादा. दादा म्हणजे माझे वडील. पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात बाजारतळाच्या मागं त्यांची पिठाची गिरणी होती. मिसरूड फुटल्यापासून त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. समोर बसून, तोंड दिसेल असं, मोठ्यानं बोललं की त्यांना बरंचसं कळायचं. पाठीमागून हाक मारली की काही नाही. माणसाचं तोंड हेच त्यांचे कान होते.

गोष्ट आहे ती घरोघरी केबल होती आणि मोबाईल घरात एकच असायचा, तेव्हाची. मी पाथर्डीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. नगरच्या एका लोकल चॅनेलवर शनिवारी रात्री, सगळ्या सिरीयल संपल्यावर, तरुणांसाठी म्हणून एक कार्यक्रम लागायचा. थेट प्रक्षेपण. फोन करायचा आणि बोलायचं. विषय असे असायचे की दिवसा ते कुणी उघड काढले नसते. प्रेम करावं का, जातीबाहेर लग्न करावं का, मुलींनी मोबाईल वापरावा का. आज मोबाईलवर जे दिसतं त्यापुढं त्यात काहीच नव्हतं. पण तेव्हा एका महाराजांनी कीर्तनात त्या कार्यक्रमावर अर्धा तास घातला होता, आमच्या प्राचार्यांनी वर्गावर्गात येऊन "असले कार्यक्रम पाहू नका" म्हणून सांगितलं होतं, आणि कुठल्या तरी संघटनेनं चॅनेलच्या दारात जाऊन घोषणा दिल्या होत्या. रविवारी सकाळी मात्र पानाच्या टपरीवर जो तो त्याच कार्यक्रमाबद्दल बोलायचा. शिव्या देणाऱ्यांना तर पूर्ण पाठ असायचा.

कार्यक्रम चालवायचे दोघं. एक मुलगा, नेवाशाचा, कुरळ्या केसांचा, दर दोन वाक्यांना "आमच्या नेवाशात" म्हणणारा. आणि एक मुलगी, नगरचीच, ख्रिश्चन, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची. तिचे केस कानापर्यंत कापलेले होते आणि ती खुर्चीत एक पाय दुमडून बसायची. पाठीमागं थर्माकोलच्या चांदण्या चिकटवलेल्या. त्यातली एखादी कधी कधी भर कार्यक्रमात खाली पडायची, मग ती मुलगी ती उचलून त्या मुलाच्या खिशाला लावायची.

काय काय व्हायचं तिथं! फोनवर कुणी शिवी दिली तर ती अर्ध्या जिल्ह्याला ऐकू जायची, कारण फोन तोडायच्या आत ती देऊन झालेली असायची. एकदा स्टुडिओतले दिवे गेले आणि दोघं मेणबत्ती लावून बसले. एकदा ते दोघंच भांडले, ती उठून निघून गेली, आणि तो एकटाच बावचळून गाणं म्हणत बसला. एकदा तर एक माणूस सरळ कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला. शेजारच्या गल्लीतला असावा. म्हणाला, "ओ, माझ्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या येत्यात. कोन बघतं हितं?"

नेवाशाचा मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही आत्ता त्याच टीव्हीवर दिसताय."

"मला कसं दिसंल? मुंग्या हायेत न्हवं!"

दादा त्या दिवशी खोकला येईपर्यंत हसले होते. दादांना तो कार्यक्रम फार आवडायचा. ऐकू कमी यायचं, पण त्या दोघांची तोंडं बघून त्यांचं भागायचं. बातम्या सांगणाऱ्याचा चेहरा दगडासारखा असतो, दादा म्हणायचे. "ही पोरं कशी, बोलत्यात तशीच दिसत्यात."

मी पहिला फोन केला तो रागानं. एक माणूस फोनवर सांगत होता की मोबाईलमुळे पोरी बिघडतात. आमच्या घरातला मोबाईल दादांचा. रात्री तो कोनाड्यात असायचा. मी तो घेतला, आतल्या खोलीत गेले, जिथं धान्याची पोती ठेवलेली असायची, आणि नंबर लावला. लागला. पलीकडून त्या मुलीचा आवाज आला, "हां, बोला. आधी टीव्हीचा आवाज कमी करा."

फोन करणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची, नाहीतर आवाज घुमायचा. पण मी आवाज कसा कमी करणार? बाहेर दादा बसलेले. आवाज कमी केला असता तर त्यांनी लगेच विचारलं असतं, काय झालं म्हणून. मी पोत्यावरची गोधडी ओढली आणि डोक्यावरून घेऊन आत बसले.

"आता बोला. कुठून बोलताय?"

"पाथर्डी तालुक्यातून." नाव मी खोटं सांगितलं.

"पोरी मोबाईलनं बिघडतात असं मघाचे भाऊ म्हणत होते. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणाले, "आमच्याकडं मोबाईल वडिलांचा आहे. मोबाईलनंच माणूस बिघडत असेल तर माझ्याआधी ते बिघडायला पाहिजेत. ते अजून वेळेवर घरी येतात."

ती मुलगी हसली. खदखदून हसली. आणि बाहेरच्या खोलीतून मला दादांचं हसणं ऐकू आलं.

गोधडीच्या आत मी फोनवर हात ठेवला. मग उमगलं. फोनवरच्या माणसाला तोंड नसतं. माझा आवाज मोठ्यानं बाहेरच्या खोलीत घुमत होता, पण दादांच्या दृष्टीनं तो नुसता आवाज होता, गिरणीच्या आवाजासारखा. त्यांना दिसत होती ती हसणारी मुलगी. ती हसली म्हणून ते हसत होते.

आईला मात्र पहिल्या शब्दाला कळलं होतं. ती तेव्हा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना नुसतं म्हणाली, "गोधडी धुवायला काढ. लई धुराळा बसलाय तिच्यात."

पुढं बरेच शनिवार असे गेले. कार्यक्रमात ते दोघं मला "पाथर्डीवाली" म्हणायला लागले. माझा फोन आला नाही तर नेवाशाचा मुलगा कॅमेऱ्याकडं बघून म्हणायचा, "पाथर्डीवाली रुसली का काय?" कॉलेजात मुली आपापसात बोलायच्या, ही पाथर्डीवाली कोण असेल. मी पण त्यांच्यात बसून अंदाज करायची. मला इतकं सुख पुन्हा कधी मिळालं असं मला वाटत नाही. मी कुठं गेले नव्हते, काही मिळवलं नव्हतं. फक्त बोलत होते आणि लोक ऐकत होते. आणि बाहेर दादा माझ्या बोलण्यावर हसत होते.

त्याच दिवसांत मला बघायला एक स्थळ आलं. शेवगावकडचं. मुलगा नोकरीला होता. मुलाचे मामा फार बोलके. त्यांनी मला उठून चालायला लावलं, परत बसायला लावलं, आणि मग समोरचा पेपर हातात देऊन म्हणाले, "वाच बरं. शिकलीयस म्हणत्यात, बघू तरी."

मी वाचलं. पाणीटंचाईची बातमी होती. पूर्ण वाचली आणि पेपर घडी करून मुलाच्या पुढं धरला. "आता तुम्ही वाचा."

मुलानं पेपर घेतला, बिचाऱ्यानं. घाबरला असावा. "टंचाईग्रस्त" या शब्दापाशी तो अडला, परत मागून सुरू केलं, परत तिथंच अडला. दादा सगळ्यांच्या तोंडांकडं बघत होते. "काय म्हणला तो?" असं त्यांनी आईला खुणेनं विचारलं. आईनं मान हलवली, काही नाही म्हणून. पाहुणे पोहे खाऊन गेले आणि दोन दिवसांनी नकार कळवला. आमचे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, शेजारीच राहायचे. ते आईला नको नको ते बोलले. दादांना एवढंच कळलं की जमलं नाही.

पुढच्या शनिवारी कार्यक्रमाचा विषय नेमका मुली बघण्याच्या पद्धतीचा होता. मला फोन करायचा नव्हता असं म्हटलं तर खोटं ठरेल. मी संध्याकाळपासून मनात वाक्यं जुळवत होते.

फोन लागला. मी सगळं सांगितलं. नाव, गाव काही घेतलं नाही, पण मामा कसे बसले होते, मला चालायला लावताना त्यांनी पायाकडं कसं वाकून पाहिलं, जणू बैल घ्यायला आले होते, हे सगळं. आणि पेपरचं सांगितलं. "टंचाईग्रस्त" हा शब्दही सांगितला. ती मुलगी टेबलावर हात आपटून हसताना फोनमधून ऐकू येत होती, नेवाशाच्या मुलाला हसता हसता बोलता येत नव्हतं. बाहेर दादांचं हसणं थांबत नव्हतं. मग हसण्याच्या भरात मी म्हणाले, "मुलगा वाईट नव्हता. त्याला त्याच्या मामानं वाईट बनवलं. मला त्याची दया आली. पण दया आली म्हणून लग्न करता येत नाही."

हे मी अगदी मनापासून बोलले होते. पण तेव्हा कुणाचंच लक्ष तिकडं नव्हतं, कारण त्याच वेळी दुसऱ्या लाईनवर फोन आला होता आणि कुणीतरी तो माझ्या फोनबरोबर जोडला.

"कोन बोलतंय गं?" एक पुरुषी आवाज. दारू प्यायलेला नव्हता, नुसता संतापलेला. "माझ्या दोस्ताची इज्जत काढती व्हय तू टीव्हीवर?"

नेवाशाचा मुलगा म्हणाला, "एक मिनिट, एक मिनिट, आपण एकेकानं..."

"एकेकानं काय? मी वळखतो हिला. लोकांनो, ऐका! तिसगावच्या बहिऱ्या गिरणीवाल्याची पोरगी हाय ही! बाप बहिरा, म्हणून लेक बोलती!"

हे वाक्य मी दोनदा ऐकलं. एकदा कानाला लावलेल्या फोनमधून आणि एकदा बाहेरच्या टीव्हीतून. ती मुलगी "फोन काढा, फोन काढा" असं कुणाला तरी ओरडत होती. नंतर कळलं की आतल्या माणसानं गडबडीत चित्र बंद केलं, आवाज नाही. पडद्यावर एका साडीच्या दुकानाची जाहिरात आली. निळी पैठणी, खाली पत्ता. आणि पडद्यावर ती पैठणी असताना आमचं भांडण अर्ध्या जिल्ह्यात जात राहिलं.

मी फोन ठेवायला पाहिजे होता. एवढं केलं असतं तरी लोकांना शंका राहिली असती, तिसगावात बोलणारी मुलगी काय मी एकटीच होते? पण "बहिरा" हा शब्द मला सहन झाला नाही. मी ओरडले, "माझे वडील बहिरे आहेत, पण तुझ्यासारखं कुणाच्या बापाला बोलत नाहीत!"

म्हणजे मीच सांगून टाकलं.

ती मुलगी ओरडत होती, "पाथर्डीवाली, ठेव! ठेव फोन!" मग कुणीतरी काहीतरी उपटलं आणि सगळं बंद झालं.

मी बाहेर आले. आई भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडावर. दादा पैठणीकडं बघत बसले होते. मला बघून हसत म्हणाले, "लई रंगात आलं हुतं बघ. काय झालं मधीच?"

अख्ख्या तिसगावात तेवढा एकच माणूस होता ज्यानं ते ऐकलं नव्हतं.

सकाळी दादा नेहमीसारखे गिरणीवर गेले. त्या दिवशी दळण नसलेली माणसंही गिरणीवर आली होती, असं नंतर आई म्हणाली. एका म्हाताऱ्यानं दादांच्या समोर उभं राहून, ओठ दिसतील असं, सावकाश सांगितलं की काल टीव्हीवर बोलली ती तुमचीच पोरगी. चांगल्या मनानं सांगितलं असेल. बाकीचे बघत होते.

दुपारच्या आधीच गिरणीचा आवाज थांबला. आमच्या घरात तो आवाज दिवसभर असायचा, त्यामुळं तो थांबल्यावर मी अंगणात आले. दादा येत होते. टोपीवर, भुवयांवर पीठ. मला वाटलं आता मार बसणार. दादांनी मला कधी मारलं नव्हतं, पण मला तसं वाटलं.

ते ओट्यावर बसले. मला समोर बसायची खूण केली. मग म्हणाले, "काय बोललीस तू?"

मी खाली मान घातली.

"वर बघ. मान खाली घातली तर मला कसं कळंल? काय काय बोललीस त्ये सांग. समद्या गावानं ऐकलं. मीच न्हाई ऐकलं."

आवाजात राग नव्हता. आज मला ते स्पष्ट ऐकू येतं. त्यांना खरंच ऐकायचं होतं. पण मी तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघितलंच नाही. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त "बहिरा" या शब्दाचं वाटत होतं. सगळं सांगायचं म्हणजे तो माणूस काय म्हणाला तेही सांगावं लागलं असतं. मी रडायला लागले आणि उठून आत गेले.

संध्याकाळी नाना आले. ते काय काय बोलले ते लिहिण्यात अर्थ नाही. माझं कॉलेज बंद, परीक्षेपुरतं जायचं, मोबाईलला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि दादांच्या समोर उभं राहून मोठ्यानं सांगितलं. दादा मध्ये एकदाच बोलले. "पर ती बोलली काय, त्ये तरी सांग."

नाना म्हणाले, "सांगण्यासारखं न्हाई त्ये."

पुढच्या शनिवारी तो कार्यक्रम लागला नाही. त्या वेळेला एक जुना सिनेमा दाखवला. कानावर आलं की काही लोक चॅनेलच्या ऑफिसात घुसले होते, खुर्च्या मोडल्या, थर्माकोलच्या चांदण्या फाडल्या, आणि मालकानं हात जोडून कार्यक्रम बंद केल्याचं सांगितलं. दादा सवयीनं टीव्हीपुढं बसले होते. थोडा वेळ सिनेमा बघून त्यांनी टीव्ही बंद केला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात ते गिरणीचा पट्टा आणायला नगरला गेले. संध्याकाळी पट्टा घेऊन आले. त्या दिवशी जेवले नाहीत, एवढं मला आठवतं. एस.टी.त डोकं दुखलं म्हणाले.

दीड-दोन वर्षांनी माझं लग्न झालं. पुणतांब्याला दिलं. तिकडं राहात्याकडचं केबल वेगळं, पाथर्डीवाली तिथं कुणाला माहीत नव्हती. सासरचे लोक शेती करणारे, पेरूची बाग. नवरा शांत. त्यानं मला कधी कुठल्या गोष्टीला अडवलं नाही, आणि कधी फारसं काही विचारलंही नाही. मीही बोलणं कमी केलं होतं. सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, "आमची सून लई गरीब. तोंडातनं शब्द न्हाई काढत." मी चहाचे कप उचलायची. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा कप तिथंच ठेवून मी आत गेले होते. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, चांगल्या म्हणवून घेण्याची तर फार लवकर होते.

दादा वर्षातून एकदा येऊन राहायचे. शेवटी आले तेव्हा, तोवर नोकरीला लागलेल्या माझ्या धाकट्या भावानं त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. त्याचं त्यांना लहान मुलासारखं अप्रूप होतं. पेरूच्या बागेत पोपट ओरडले की थांबून ऐकायचे. एका संध्याकाळी आम्ही दोघं गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो. नदीला पाणी कमी होतं. पलीकडं कुणी म्हशी धूत होतं, त्याचं हाकणं दादांना ऐकू आलं म्हणून ते खूश झाले. मग माझ्याकडं न बघताच, नदीकडं बघत, ते म्हणाले, "त्या टैमाला तू काय बोलल्ती गं टीव्हीवर?"

एवढी वर्षं गेली होती. नाना वारले होते. त्या शेवगावच्या मुलाला दोन मुलं झाली होती. सांगायला आता काहीच हरकत नव्हती. आणि आता त्यांना ऐकू येत होतं. मला माझं प्रत्येक वाक्य आठवत होतं, ती मुलगी कुठं हसली तेही.

मी म्हणाले, "आठवत न्हाई आता, दादा."

ते म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं म्हणाले, "न्हाई, लई हसलो हुतो मी. म्हनून इचारलं."

का नाही सांगितलं? मी पुष्कळ विचार केला. तो शब्द त्यांच्या कानी घालायचा नव्हता, हे खरं आहे. पण तेवढंच नाही. तेव्हापर्यंत मी ती मुलगी राहिले नव्हते. तिचं बोलणं माझ्या तोंडून काढायचं म्हणजे उसनं लुगडं नेसून मिरवल्यासारखं वाटलं असतं. आणि वाटलं, आहेत की दादा. पुढच्या खेपेला सांगू. पुढची खेप झाली नाही. त्याच थंडीत ते गेले.

परवा, म्हणजे गेल्या पावसाळ्यात, मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी मी तिला घेऊन नगरला गेले होते. कॉलेजच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. पुढं एक बाई दुकानदाराशी भांडत होती, "अहो, मी यांच्या आधी आलेय, माझं आधी काढा." मी त्या बाईला पाठमोरीच बघत होते. केस पिकलेले, पण अजून कानापर्यंतच कापलेले. चेहरा मी ओळखला नसता. आवाज ओळखला.

ती बाहेर आली तेव्हा मी पुढं होऊन म्हणाले, "मी पाथर्डीवाली."

तिनं आधी नुसतं बघितलं. मग हातातले कागद तसेच काखेत मारून माझे दोन्ही हात धरले. रस्त्यात उभ्या उभ्या तिचे डोळे भरले. "तू कुठं गेलीस गं? आम्ही किती दिवस वाट बघितली तुझ्या फोनची."

शेजारच्या हॉटेलात आम्ही बसलो. मुलगी समोर बसून वडापाव खात आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. ती बाई आता एका शाळेत शिकवते. नेवाशाचा मुलगा पुण्याला गेला, कुठल्या तरी कंपनीत लागला, पुढं त्याचा फोन येणं बंद झालं. तिचं स्वतःचं ठरलेलं लग्न त्या प्रकारानंतर मोडलं. दोन वर्षं ती मावशीकडं पुण्यात जाऊन राहिली. हे तिनं पटपट सांगून टाकलं. मग म्हणाली, "तुला एक विचारायचं होतं. तुझे वडील आहेत का गं?"

मी नाही म्हणून सांगितलं.

तिनं चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "ते आले होते आमच्याकडं. तुला माहितीये?"

मला माहीत नव्हतं.

"मोडतोड झाली त्यानंतर. मी माझं सामान आणायला गेले होते. मालक दारात उभा, लवकर आवर म्हणत होता. तेवढ्यात हे गृहस्थ आले. खांद्यावर गिरणीचा पट्टा. मला वाटलं हेही भांडायलाच आले. तर म्हणाले, माझ्या पोरीची कॅसेट बघायची हाय. मी म्हटलं, काका, तुम्हाला ऐकू येत नाही ना? तर म्हणाले, मला आवाज कळनार न्हाई, पर तुमी बसा माझ्यासमोर. तुमी ऐका, मी तुमच्या तोंडाकडं बघतो. तुमच्या तोंडावरनं मला समदं कळतं."

ती पुढं म्हणाली, "कॅसेट कुठं होती? मालकानं त्याच रात्री पुसून मग तिच्यावर कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग घेतलं होतं. तसं सांगितलं. मग म्हणाले, तर मग तुमी सांगा, काय बोलली ती. मालक माझ्याकडं डोळे वटारून बघत होता. मला खूप भीती वाटत होती त्या दिवसांत. मी म्हटलं, चांगलं बोलली, काका. आता जा तुम्ही. ते म्हणाले, चांगलं म्हंजी कसं? मी पाठ फिरवली आणि खोका भरायला लागले. थोडा वेळ उभे होते. वळून बघितलं तेव्हा गेले होते." तिनं कप पुन्हा जवळ ओढला. "एवढंसं तर होतं सांगायचं. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही गं."

मी तिला म्हणाले, "तुझं काय चुकलं? तू लहान होतीस." माझं मलाच ते ऐकून कसंतरी वाटलं. तिनं मान हलवली. चहा निवला होता, तो तसाच प्यालो. निघताना तिनं माझा नंबर घेतला. अजून तिचा फोन आलेला नाही, मीही केलेला नाही.

तारकपूर स्टँडवरून आम्ही गाडीत बसलो. गाडी गावाबाहेर पडल्यावर मुलीनं विचारलं, "कोण होत्या त्या? आणि पाथर्डीवाली म्हणजे काय?"

मी सांगायला लागले. आधी तुटक, मग सगळं. मामा, पेपर, तो मुलगा, गोधडी. मी कधीपासून इतकं सलग बोलले नव्हते. माझा आवाज वाढला असावा, कारण पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या, आणि वळल्या त्या वळलेल्याच राहिल्या. "टंचाईग्रस्त"पाशी आल्यावर मुलगी इतकी हसली की तिच्या हातातली पाण्याची बाटली सांडली. त्या बायकाही हसल्या. पुढचं, ओट्यावरचं आणि घाटावरचंही, सांगून झालं.

मग मुलीनं तोंड पुसलं आणि विचारलं, "पण आई, आजोबांनी दोनदा विचारलं ना तुला? मग सांगितलं का नाहीस?"

राहुरी आली होती. गाडीत माणसं चढत होती, कंडक्टर मागं सरका म्हणून ओरडत होता. एका म्हाताऱ्या बाईला जागा द्यायची म्हणून मी उठून उभी राहिले, आणि घर येईपर्यंत उभीच होते.